हंगामाची वही, पवई

७ जुलै २०२५, सोमवार

कॉलेज टीमची ट्रायल. पोरं भरपूर आली. निम्म्यांच्या पायात टर्फचे चपटे शूज. उत्तरेच्या कॉर्नरला घोटाभर पाणी. बॉल थांबतो, पोरगा पुढे निघून जातो.

सगळी चांदिवली-हिरानंदानीच्या टर्फवर वाढलेली. तासाचे पैसे भरायचे, पाच विरुद्ध पाच. एवढ्याशा जागेत पाय काय चालतात त्यांचे! पण मान वर होत नाही. लांब पास द्यायची वेळच कधी आलेली नाही, तर बघणार कुठे?

एक लेफ्ट बॅक आवडला. फुलेनगरचा. अंगाने काटकुळा. टॅकलला भीत नाही. नजर मात्र बॉलवर चिकटलेली. मागून माणूस पळून जातो, याला पत्ता नाही.

८ जुलै

यंदाचं माझं नेमणुकीचं पत्र अजून नाही. ऑफिसात विचारलं. फाइल वर गेली आहे म्हणाले.

११ जुलै, शुक्रवार

बातमी खरी निघाली. आयएसएल स्थगित. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपतो, पुढचं ठरलेलं नाही, म्हणून हंगामच थांबवला. २०१० चा करार. पंधरा वर्षं, सातशे कोटी.

२०१० मध्येच महिंद्रा युनायटेडने संघ बंद केला. डेरिक परेराने त्यांना नॅशनल लीग जिंकून दिली २००६ ला. चार वर्षांत दुकान बंद. तेव्हा कूपरेजच्या बाहेर उभे राहून आम्ही सगळे हेच बोलत होतो. आता पुढे काय.

ही म्हणाली, तुमचा काय संबंध त्या लीगशी, झोपा आता. झोप नाही आली.

१४ जुलै

सकाळी सहा. ग्राउंडच्या कडेला एक जण पाठमोरा, स्ट्रेचिंग करत बसलेला. जवळ गेलो. जुना कॅप्टन.

“सर, थोडे दिवस येऊ का? क्लबने कळवलंय, बोलावू तेव्हा या.”

“ये की. विचारतोस काय.”

इथूनच गेला होता. सेंटर बॅक. दोन क्लब झाले, तिसऱ्याशी करार चालू. वय सव्वीस. पोरांनी त्याला टीव्हीवर पाहिलेला. वॉर्मअपला कुणी त्याच्या शेजारी पळेना. शेवटी त्यानेच कीपरला धक्का मारला, चल रे.

पगाराचं मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

१७ जुलै

पाऊस. बॉल भिजून जड. नवे घ्यायला हवेत. जालंधरच्या बॉलचे भाव पाहिले. अर्जात लिहून दिले, अर्ज वर गेला.

प्रॅक्टिसनंतर केळी, उकडलेली अंडी. अंडी माझ्याकडून. यावर घरी बोलणं झालेलं आहे.

२३ जुलै, बुधवार

आज जुन्या कॅप्टनने लेफ्ट बॅकला बाजूला घेतलं. मी लांबून पाहत होतो. मध्ये पडलो नाही.

पहिली पंधरा मिनिटं बॉलच नाही. नुसतं उभं राहणं. “पूर्ण बॉलकडे तोंड केलंस तर माणूस गेला. पूर्ण माणसाकडे केलंस तर बॉल गेला. अंग तिरकं ठेव. एक खांदा बॉलकडे, एक माणसाकडे.” पोरगा उभा राहिला. याने खांदे धरून फिरवले. परत चुकला. परत फिरवले.

मग बॉल. हा मागे उभा राहून हाताची बोटं वर करायचा. दोन, चार, तीन. समोरून पास निघाला की पोराने मान वळवायची, मागची बोटं मोजायची, आकडा ओरडायचा आणि मग बॉल घ्यायचा. आधी आकडा सांगितला तर बॉल पायाखालून निसटायचा. बॉल घेतला तर आकडा चुकायचा.

“सर, एवढ्यात कसं बघणार?”

“बॉल वाटेत असताना कुणालाच काही करता येत नाही. तुला नाही, त्यालाही नाही. तेवढा वेळ फुकट मिळतो. त्यात बघायचं.”

हे वाक्य मी त्याला सांगितलं होतं. मला कोल्हापुरात सांगितलं ते शाहू स्टेडियमवर, एका म्हाताऱ्या कोचने. त्याच्याकडे लायसन्स वगैरे काही नव्हतं. दूध घालायचा तो पेठेत.

शेवटी शेवटी पोराचे आकडे बरोबर यायला लागले. चिखलाने तोंड माखलेलं. थांबायला तयार नाही.

२४ जुलै

गुडघा. पायऱ्या उतरताना.

१ ऑगस्ट, शुक्रवार

खालिद जमील भारताचा कोच!

दुपारी फोनवर फोन. जुने सगळे. कुणाकुणाचे आवाज किती वर्षांनी ऐकले. २०१२ मध्ये सॅव्हियो मेदेरा गेल्यापासून ही खुर्ची परदेशी माणसाचीच. आता आपला माणूस, तोही कूपरेजवर खेळलेला.

जन्म कुवेतचा. मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया, परत महिंद्रा, शेवटी मुंबई एफसी. कूपरेजवर त्याच्याविरुद्ध खेळलोय. दुखापतींनी त्याचं खेळणं लवकर संपवलं. २००९ मध्ये मुंबई एफसीनेच त्याला कोच केलं. सात हंगाम. पैसा कमी, खेळाडू बेताचे. संघ कधी खालच्या गटात घसरू दिला नाही. ‘डिफेन्सिव्ह खेळवतो’ म्हणून लोक नाकं मुरडायचे. अरे, त्या संघाला दुसरं काय खेळवणार होतात?

२०१६ ला तिथून गेला. पुढच्याच हंगामात आयझॉलला आय-लीग जिंकून दिली. शेवटचा सामना लाजोंगशी १-१, ३० एप्रिल २०१७. ईशान्येत पहिल्यांदा देशाची लीग गेली. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला राहिला आणि बाहेर पडला. नंतर नॉर्थईस्ट, जमशेदपूर. आयएसएलमध्ये भारतीय कोच म्हणजे परदेशी साहेब येईपर्यंतचा माणूस, हा समज त्याने मोडला.

मला त्याच्या विजेतेपदापेक्षा ते सात हंगाम मोठे वाटतात. टिकवून धरणं. त्यावर कुणी सिनेमा काढणार नाही.

पोरांना सांगितलं. एकाने विचारलं, “सर, ते कुठल्या कॉलेजचे?”

५ ऑगस्ट

बेंगळुरूच्या क्लबने पहिल्या संघाचे आणि स्टाफचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. चेन्नईनेही काम थांबवलं. एका बाजूला खालिद, एका बाजूला हे. एकाच आठवड्यात.

जुना कॅप्टन आज प्रॅक्टिस संपल्यावर बसून राहिला. बुटांच्या लेस काढत होता, परत घालत होता. म्हणाला, “घराचा हप्ता आहे, सर.”

विक्रोळीला वन बीएचके. आईच्या नावावर घेतलाय.

६ ऑगस्ट

त्याने विचारलं, तुमच्या वेळी टीम बंद झाली तेव्हा तुम्ही काय केलं.

सांगितलं. आमच्या वेळचा ‘प्रोफेशनल’ म्हणजे सकाळी कूपरेजला प्रॅक्टिस, मग ऑफिसात येऊन मस्टरवर सही. मॅचच्या दिवशी सुट्टी. कोल्हापूरहून १९९७ ला महालक्ष्मी एक्स्प्रेसने उतरलो तेव्हा ट्रंकेत दोन बूट आणि आईने दिलेली चटणी. रेल्वे, बँका, एअर इंडिया, मफतलाल, ओर्के, टाटा, आरसीएफ. मुंबईचा फुटबॉल या ऑफिसांवर आणि गिरण्यांवर उभा होता. खेळाडूला घर, पेन्शन, लग्नाच्या बाजारात भाव. हार्वूड लीगला कूपरेज भरायचं. रोव्हर्स कपला कोलकात्याचे संघ यायचे. १८९१ पासूनची स्पर्धा, २०००-०१ नंतर झालीच नाही. मी एकदा खेळलो त्यात.

मग साहेबलोक बदलले. खेळ हा खर्च ठरला. तीस वर्षांचा होतो. एका सर्क्युलरने टीम बंद. नोकरी राहिली. डिस्पॅच विभाग, पाकिटांवर शिक्के. संध्याकाळी शाळेच्या पोरांना शिकवायला लागलो. मग लायसन्सचे कोर्स, डी, सी, बी. मग नोकरी सोडली, इथे आलो. हिने तेव्हा एक शब्द काढला नाही. पगार तिचा, महापालिकेच्या शाळेतला.

“म्हणजे तुमच्याकडे मागे नोकरी होती,” तो म्हणाला.

हो. होती. यांच्याकडे करार आहे आणि करारात बारीक अक्षरं. पैसा आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण पायाखाली काही नाही.

११ ऑगस्ट

आंतरमहाविद्यालयीन, पहिली मॅच. २-०. दहा नंबरने दोन्ही. खेळ काही खास नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी. ग्राउंडवर सात जण. राईट विंगर मनगट बांधून आला. चौथ्या थरावर होता. ओरडायचं होतं, ओरडलो नाही. त्याच्या चाळीत तोच एकटा कॉलेजला गेलेला, थरावर चढला नाही तर लोक बोलणार.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. कॉलेजांना सुट्टी. गाड्या बंद. विहार आणि पवईचं सांडवा ओलांडलेलं पाणी मिठीत, मिठी कुर्ल्यात. क्रांतिनगरमधून माणसं हलवली. आमचा कीपर तिथलाच. फोन लागत नाही.

रात्री दहा. लागला. शाळेत आहेत सगळे. ग्लोव्ह्ज वाचवलेत म्हणाला. आई काय म्हणते विचारलं तर हसला.

२१ ऑगस्ट

ग्राउंड बघून आलो. तळं झालंय. गोलपोस्टच्या खाली बेडूक.

कीपरच्या घरी चिखल काढायला पोरं गेली. जुना कॅप्टन त्यांच्यासोबत. मी नंतर कळल्यावर गेलो.

२७ ऑगस्ट

गणपती. अर्धी टीम गावाला. फिक्स्चर करणाऱ्यांना हे दर वर्षी नव्याने कळतं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

ताजिकिस्तानला २-१ हरवलं, त्यांच्या घरात! खालिदची पहिली मॅच. दोन्ही गोल पहिल्या पंधरा मिनिटांत, दोन्ही डिफेंडरचे. अन्वर अली, झिंगन. मग उरलेला वेळ अडवत राहायचं. गुरप्रीतने पेनल्टी अडवली. मी खुर्चीत बसू शकलो नाही. धाकटी म्हणाली, बाबा, आरतीला एवढे उभे राहत नाही तुम्ही.

प्रॅक्टिस सामन्यांविना, लीग बंद, क्लब खेळाडू सोडायला कुरकुरतात, आणि हातात जेमतेम दोन आठवडे. असा संघ उभा करता येतो तो याच माणसाला. मुंबई एफसीचे सात हंगाम दिसत होते मला त्या बॅक लाइनमध्ये.

१ सप्टेंबर

इराणकडून ०-३. अपेक्षित.

२ सप्टेंबर

पत्र आलं. जून, जुलै, ऑगस्ट त्यात नाहीत. सप्टेंबर ते मार्च.

ही म्हणाली, सही करा.

केली.

८ सप्टेंबर, सोमवार

ओमानला टायब्रेकरवर हरवून स्पर्धेत तिसरा नंबर. १-१, मग ३-२. शेवटची परत गुरप्रीतने. ओमान आपल्यापेक्षा पन्नास जागा वर.

सकाळी तलावाच्या बाजूने आलो. गणेश घाटावर अजून सफाई चाललेली. हारांचे ढीग. जलपर्णी परत किनाऱ्याला लागलीय.

१० सप्टेंबर

आंतरमहाविद्यालयीन, क्वार्टर फायनल. टायब्रेकरवर हरलो.

पण एक लिहून ठेवतो. सत्तरावं मिनिट असेल. त्यांच्या सेंटर हाफने लांब बॉल उचलला. आमचा लेफ्ट बॅक तिरका उभा. बॉल हवेत असताना मान वळली. एकदाच. विंगर मागून निघालेला त्याला दिसला, तीन पावलं आधी मागे सरकला आणि बॉल छातीवर घेतला. आरामात. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण बघणाऱ्याला तिथे काही झालंच नव्हतं. जुना कॅप्टन माझ्या शेजारी होता. त्याने माझ्या दंडाला घट्ट धरलं.

लीग बंद करता येते. टीम बंद करता येते, मी पाहिलंय. हे त्या पोराकडून कुणाला काढून घेता येणार नाही.

कीपरने एक पेनल्टी अडवली, तीन गेल्या. रडला. रडू दिलं.

१४ सप्टेंबर

कोल्हापूरच्या पेठेतून फोन. “भावा, यंदा यायचंच. टीम तुझ्या हातात देतो. राहायचं-खायचं सगळं बघतो. तुझ्याच मातीत ये की.”

आकडा सांगितला. इथल्या मानधनापेक्षा बराच जास्त.

विचार करून सांगतो म्हणालो.

१५ सप्टेंबर

हिला सांगितलं. धाकटीची दहावी. ती म्हणाली, ते माझ्यावर सोडा, तुम्हाला जायचंय का ते सांगा. मला उत्तर आलं नाही.

शाहू स्टेडियम. उन्हाळ्यातली फायनल. पेठा रिकाम्या, सगळी माणसं स्टँडमध्ये. पाटाकडील आणि शिवाजी मंडळ समोरासमोर आले की भावकीतली माणसं दोन दिवस एकमेकांशी बोलत नाहीत. खेळाडूला रस्त्यावर थांबवून विचारतात, काल तो पास तिकडं का दिलास. भारतात अशी गावं किती? अनिकेत जाधव त्याच गावचा. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला खेळला.

इथे आमच्या क्वार्टर फायनलला प्रेक्षक कोण? माळीकाका, दोन आया आणि कॅन्टीनचा पोरगा.

२६ सप्टेंबर

वांद्र्याला सराव सामना, नेव्हिल डिसोझा ग्राउंडवर. बसमध्ये पोरांना विचारलं, हे कोण. शांतता.

मग सांगत बसलो. १ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात तीन गोल याचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. मुंबईचा खेळाडू, टाटाकडून, कॅल्टेक्सकडून खेळलेला. सेमी फायनलला युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच, मग त्यांनी चार घातले. भारत चौथा. पन्नाशी गाठायच्या आत, १९८० मध्ये गेला. कोच रहीमसाहेब. ते मूळचे शाळामास्तर. १९५१ आणि १९६२, एशियाडची दोन्ही सुवर्णं त्यांच्या हाताखाली. ६२ ला अंगात कॅन्सर, पुढच्या जूनमध्ये गेले.

दहा नंबर म्हणाला, “शाळेत का नाही सांगितलं हे?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बस कलानगरला अडकली.

२ ऑक्टोबर

दसरा. बूट, बॉल, शिटी पुजली. जुना कॅप्टन सोनं द्यायला आला. सरकारी खात्यात खेळाडूंची भरती निघालीय म्हणाला. फॉर्म भरू का?

“भर.”

“मग खेळ?”

“ऑफिसच्या टीमकडून.”

तो गप्प बसला. मला माहीत आहे तो काय विचार करत होता. त्या टीमची मॅच कोण दाखवतं.

९ ऑक्टोबर

सिंगापूरमध्ये १-१. झिंगनला लाल कार्ड, दहा जणांनी खेळून नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीचा गोल. आशिया कपची आशा आहे.

११ ऑक्टोबर

क्लबचा फोन आला त्याला. गोव्यात सुपर कप, महिनाअखेरीपासून. पगारात कपात, नवीन कागद. परवा निघणार.

पोरांनी केक आणला. टोळकं करून फोटो. लेफ्ट बॅक फोटोत नव्हता, तो बिब गोळा करत होता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

फातोर्ड्यात सिंगापूरकडून १-२. छांगटेने आधी गोल केला होता. आशिया कप गेला.

रात्री फोनवर जुनी मंडळी खालिदला शिव्या घालत होती. ऑगस्टमध्ये हीच माणसं पेढे वाटत होती. मी फोन ठेवला. लीग बंद असलेल्या देशाचा कोच किती करील? खेळाडूंच्या पायात मॅचेस नाहीत. नव्वद मिनिटांचा दम सरावात येत नाही, मॅच खेळूनच येतो. साठ मिनिटांनंतर आपली माणसं कुठे उभी होती ते परत एकदा बघा.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. कोल्हापूरचा परत फोन. “काय ठरलं?”

दिवाळी होऊ दे म्हणालो.

३ नोव्हेंबर

ग्राउंडवर मांडव. कुठलासा समारंभ. आठवडाभर प्रॅक्टिस नाही. खांब रोवायला पेनल्टी एरियात खड्डे पाडलेत. माळीकाका कुणाशीच बोलत नाहीत.

१२ नोव्हेंबर

लेफ्ट बॅकला एटीकेटी. दोन विषय. वडिलांनी खेळ बंद केला.

१३ नोव्हेंबर

फुलेनगरला गेलो. चढ. वरून तलाव दिसतो आणि पलीकडे हिरानंदानीचे ते पिवळट खांबांचे टॉवर. वडील वॉचमन, तिथल्याच एका बिल्डिंगमध्ये. रात्रपाळी करून झोपलेले, उठले. चहा आला.

“सर, फुटबॉल खेळून ह्याचं काय होणार?”

फसवायचं नव्हतं. म्हणालो, पोट भरेल याची खात्री मी देणार नाही. मला स्वतःला कुणी दिली नव्हती. पण सकाळी सहाला उठतो, ऐकलेलं करून बघतो, चुकलं तर परत करतो. दोन विषय तो काढेल. सकाळी माझ्याकडे, दुपारी अभ्यास, वेळापत्रक मी बघतो.

त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग बायकोला म्हणाले, सरांना चहा अजून दे.

परत येताना जेव्हीएलआरवर मेट्रोचे खांब, खाली गाड्या ठप्प. गांधीनगर जंक्शनपर्यंत चालत गेलो. रिक्षापेक्षा आधी पोचलो.

१८ नोव्हेंबर

ढाक्यात ०-१. बांगलादेशने आपल्याला २००३ नंतर पहिल्यांदा हरवलं. काही लिहावंसं वाटत नाही.

१९ नोव्हेंबर

लेफ्ट बॅक आला. बॅगेत वही. प्रॅक्टिसनंतर पायरीवर बसून अकाउंट्सची गणितं. कीपर शिकवतो त्याला. कीपर अकाउंट्सला पक्का आहे हे मला आज कळलं.

२ डिसेंबर

जुना कॅप्टन गोव्याहून परत. क्लब सेमी फायनलला पोचला नाही. दोन मॅच खेळला, एकात बदली. पुढे? “कळवतो म्हणाले.”

८ डिसेंबर

फेडरेशन आणि कंपनीचा करार आज संपला. लीगची तारीख नाही.

१३ डिसेंबर

कोलकात्यात मेसी आला, भोवती पुढाऱ्यांचा आणि फोटोवाल्यांचा गराडा, थोड्याच वेळात निघून गेला. लोकांनी सॉल्ट लेकच्या खुर्च्या मोडल्या. महिन्याभराचा पगार घालून तिकीट काढलं होतं त्यांनी. राग कुणावर काढणार.

१४ डिसेंबर, रविवार

मेसी वानखेडेवर. सगळं नीट पार पडलं. सचिनने त्याला आपली जर्सी दिली. छेत्रीही होता. टीव्हीवर पोरांनी बघितलं, आमच्यापैकी तिकीट कुणाला परवडलं नाही. दहा नंबरचे डोळे भरून आले, त्याला मी चिडवलं नाही.

राज्यातल्या तेरा वर्षांखालच्या पोरांसाठी योजना जाहीर झालीय. चांगलं आहे. मनापासून म्हणतो. पण तेराच्या वरचे? ज्यांना अकरा-बाराव्या वर्षी कुणी पाहिलंच नाही, जे अठराव्या वर्षी टर्फचे शूज घालून माझ्याकडे येतात? त्यांचा खेळ सुधारत नाही असं कुणी ठरवलं? यंदा माझ्या डोळ्यांसमोर एक सुधारला.

१६ डिसेंबर

कोल्हापूरला फोन केला. येत नाही म्हणालो.

“कमी वाटतंय का? वाढवू की.”

“तसं नाही, दादा. तिथं मी नाही आलो तरी टीम राहील. कोच बदलतात, तालीम राहते. इथं मी नाही आलो तर सकाळी सहाला गेट उघडायला कुणी येणार नाही.”

पलीकडे थोडा वेळ काही नाही. मग, “बरं. स्टॉपर तरी देशील का एखादा चांगला?”

१७ डिसेंबर

जुन्या कॅप्टनला विचारलं. कोल्हापूर. हंगामाचे पैसे, मॅचला वेगळे. टीव्ही नाही, पण पब्लिक आहे. क्लबने बोलावलं तर परत येता येईल, तसं मी आधी कबूल करून घेतलंय. आणि खेळाडू भरतीची ट्रायल फेब्रुवारीत, तोवर मॅच फिटनेस राहील.

“सर, ही पायरी खाली उतरणं नाही ना?”

“आठ हजार माणसं तुझी चूक बघणार आहेत. उतरणं वाटतंय का ते तिथं जाऊन सांग.”

हसला. जुलैपासून पहिल्यांदा नीट हसला.

१९ डिसेंबर

महालक्ष्मीने गेला. सीएसएमटीला सोडायला पोरं. कीपर, दहा नंबर. लेफ्ट बॅकला सोमवारी पेपर, त्याला मी येऊ दिलं नाही.

२२ डिसेंबर

पहिला पेपर बरा गेला म्हणतो. ‘बरा’ म्हणजे काय ते वडिलांना मीच समजावून सांगितलं.

नवे बॉल आले. जुलैच्या अर्जातले. मागितले त्याच्या निम्मे.

२४ डिसेंबर

सकाळी धुकं. ग्राउंड सुकून कडक. पोरांना लांब पास. तीस मीटर, मग चाळीस. मारण्याआधी मान वर. ज्याची मान खाली त्याने पळायचं. सगळे पळाले.

२६ डिसेंबर, शुक्रवार

कोल्हापूरहून फोन. मागे गोंधळ, कुणीतरी हलगी वाजवतंय.

“सर, सराव सामना होता. सराव सामन्याला एवढी माणसं? एक आजोबा मॅचनंतर थांबवून विचारत होते, सतराव्या मिनिटाला डावीकडं का सरकलास म्हणून.”

“का सरकलास?”

“राईट बॅक वर गेला होता. मागे बघितलं तेव्हा दिसलं.”

“मग तेच सांगायचं त्यांना. ग्राउंड कसं आहे?”

“कडक. टाच दुखतेय.”

“लांब स्टड काढ. मोल्डेड घाल, रबराचे. महाद्वारात मिळतील. आणि जेवताना तांबडा जपून, मॅचच्या आदल्या दिवशी नको.”

“काल प्यायलो, सर.”

“किती वाट्या?”